गॅरेजवाल्यांची हात धुवायची पेस्ट शाईच्या डागावर चालते का?

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकतो. शाईपेनच्या शाईनं हात रंगले असतील तर मेकॅनिक लोक वापरतात ती खरखरीत हॅन्ड क्लीनर पेस्ट कामाची आहे, कातडीवरचा डाग बऱ्यापैकी उतरवते, नखाच्या कडेचा मात्र उतरवत नाही, आणि डब्यावर जेवढं मोठ्या अक्षरात छापलंय तेवढी जादू तर अजिबात नाही. रोज शाईत हात असेल तर घ्या, कधीमधी पेन भरत असाल तर घरातलं बेसन आणि भांड्याचं लिक्विड बस झालं, उगं पैसे घालू नका. पाचपैकी साडेतीन.

आता सविस्तर. मी उदगीरला बाँड रायटर आहे, तहसीलपाशी टेबल टाकून बसतो. आजकाल सगळं टाइप करून प्रिंट काढून द्यावं लागतं हे खरं, पण कच्चा मसुदा, वारस नोंदीचा अर्ज, फेरफारावरची हरकत, पीक नुकसानीचं निवेदन असलं दिवसभर हातानंच खरडायचं असतं, आणि मला ते शाईपेननंच जमतं कारण बॉलपेन दाबून दाबून संध्याकाळी अंगठ्याचं हाड ठणकायला लागतं, शाईपेनला दाबायचं कामच नाही. पेनं माझी जुन्या पद्धतीची, एबोनाइटची म्हणजे कडक रबराची, ड्रॉपरनं सरळ पोटात शाई भरायची. आमच्या इथून बिदर, विकाराबाद करत रेल्वे हैदराबादला जाते, तिथं आबिड्सला डेक्कन पेन स्टोअर्स म्हणून जुनं नावाजलेलं दुकान आहे, तिथनं आणलेली. लिहायला एक नंबर.

पण ड्रॉपरवाल्या पेनाचा एक स्वभाव असतो. शाई अर्ध्याच्या खाली गेली की वर हवा जास्त होते, ती हवा हाताच्या गरमीनं फुगते आणि फुगली की खालच्या शाईला ढकलते, मग निबवर टपोरा थेंब येतो आणि तिथून बोटावर. पुण्या-मुंबईचे लोक म्हणतात आमचं पेन तर कधी असं करत नाही, अहो तुम्ही मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडखाली दुपारी दोन वाजता बसून लिहून दाखवा, पारा बेचाळीसच्या वर असतो, पेनच काय माणूससुद्धा गळायला लागतो. त्यामुळं उन्हाळाभर माझा उजवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं काळी-निळी. देवणीकडचे एक म्हातारबा रेशनकार्डाच्या कामाला आले होते, माझा हात बघून म्हणले, "रायटरसाहेब, तुमचा बी अंगठा घेतला का काय कुणी?"

बरं, साधी शाई वापरली तर एवढं दुखणं नसतं. शाळेत वापरायचो ती कॅमलची रॉयल ब्लू, म्हणजे दांडेकरांनी १९३१ साली शाईची भुकटी आणि वड्या करून जी कंपनी चालू केली त्यांची, ती साबणानं दोनदा धुतली की बरीच जाते. पण माझं काम कागदपत्रांचं, तिथं धुवून जाणारी शाई चालत नाही. पावसाळ्यात शेतकरी अर्ज खिशात घालून गावाकडून येतो, खिसा भिजलेला, अर्जावरचं सर्व्हे नंबर, गट नंबर सगळं निळं पाणी. म्हणून मी पक्की काळी आणि ब्लू-ब्लॅक वापरतो. आता जी शाई पाण्याला दाद देत नाही म्हणून कागदासाठी घेतली ती हातावरून पाण्यानं कशी जाईल, हे गणित सरळ आहे. वहीवर पक्की पाहिजे आणि हातावर कच्ची पाहिजे असं दोन्ही एका बाटलीत मिळत नाही.

डाग चिकटतो कसा ते थोडं सांगतो, कारण ते कळल्याशिवाय कुठला उपाय का चालतो आणि कुठला नुसता टाइमपास आहे ते समजत नाही. शाईपेनची शाई म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, तेल-बिल काही नसतं त्यात. आणि आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मेलेल्या पेशी, त्यात केराटिन नावाचं प्रोटीन, लोकरीत असतं तेच. लोकर आणि रेशीम रंगवायला जे रंग वापरतात त्याच जातीचे रंग बऱ्याच शाईंमध्ये असतात, म्हणजे आपण बोटावर शाई सांडली तर खरं म्हणजे बोट रंगवायला टाकलं असंच झालं. नुसतं पाणी मारून वरवरची शाई जाते, आत बसलेला रंग राहतो. मग दोनच रस्ते उरतात, एक तर तो रंग मारायचा, नाहीतर रंगलेला थर घासून काढायचा. काहीच नाही केलं तरी तो थर आपोआप झडतो आणि दोन-चार दिवसांत हात स्वच्छ होतो, हे फुकटचं औषध कुणी सांगत नाही कारण त्याच्यात विकायला काही नाही.

तर ही पेस्ट. लातूरला गेलो होतो तेव्हा गोलाईत, जिथं सोळा रस्ते येऊन मिळतात आणि नवखा माणूस कुठल्या रस्त्यानं आला तेच विसरतो, तिथून बाहेर निघून एका ऑटो पार्ट्सच्या दुकानात घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असल्या पेस्ट बऱ्याच जण काढतात आणि आत मालमसाला साधारण सारखाच असतो. अर्धा किलोचा प्लास्टिकचा डबा, दोनशेच्या आत. दुकानदार पोरगा चांगला होता, पण मी शाईसाठी पाहिजे म्हणल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बस, मग म्हणला, "काका, पेन गळायलंय तर पेन बदला की, हात कशाला घासायलाव?" सल्ला चूक नाही त्याचा, पण मला पेस्ट पाहिजे होती.

उघडली की संत्र्याचा वास येतो, एकदम भपकन. दिसायला रवाळ तुपासारखी, रंग तेवढा केशरी. बोटात घेतली की कण लागतात, तेच खरं काम करतात. त्यात साधारण तीन गोष्टी असतात, ग्रीस विरघळवणारा सॉल्व्हंट (संत्र्याच्या सालीतून निघणारं लिमोनिन बऱ्याच पेस्टमध्ये असतं, वास त्याचाच), साबणासारखं फेस करणारं काहीतरी, आणि दगडाच्या भुकटीचे बारीक कण. आता गंमत बघा, ज्याच्या जोरावर ही पेस्ट विकतात तो सॉल्व्हंट शाईपेनच्या शाईवर जवळजवळ बेकार आहे, कारण तो तेलकट घाणीसाठी आहे आणि आपली शाई पाण्याची. आपल्याला उपयोग होतो तो कणांचा आणि फेसाचा. म्हणजे आपण पूर्ण गाडीचे पैसे देऊन नुसत्या मागच्या सीटवर बसायलोय.

वापरायची कशी ते नीट वाचा, बहुतेक लोक इथंच घोळ घालतात. हात कोरडे पाहिजेत. आपल्याला सवय अशी की आधी हात ओले करायचे मग साबण लावायचा, इथं तसं केलं की कण घसरतात आणि पेस्ट पातळ होऊन नुसती वाहून जाते. कोरड्या हातावर बोराएवढी घ्यायची, डाग असलेल्या बोटावर दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं गोल गोल मिनिटभर चोळायचं, ती आधी पांढुरकी मग मळकट निळी होत जाते, तो रंग दिसला की समजायचं काम चालू आहे. मग थोडंसं पाणी घेऊन परत चोळायचं आणि मग धुवायचं. ताज्या डागावर एका दमात बराच फरक दिसतो. सकाळचा डाग संध्याकाळी काढायला बसलात तर फिकट निळी सावली राहतेच, ती दुसऱ्या दिवशीच्या आंघोळीत जाते.

कुठल्या शाईवर कशी, तर रॉयल ब्लूला पेस्टची गरजच नाही. ह्या धुवून जाणाऱ्या निळ्या शाईचा रंगच असा असतो की क्षार लागला की तो फिका पडतो, आणि आपला अंगाचा साबण क्षारधर्मीच असतो, त्यामुळं साधी वडी पण तिच्यावर दोन पद्धतीनं काम करते. ब्लू-ब्लॅक आणि पक्की काळी ह्यांच्यावर पेस्टनं चांगलं काम केलं, तिथंच तिचे पैसे वसूल. लाल शाई सगळ्यात चिवट, पेपर तपासणाऱ्या मास्तर लोकांना विचारा, पेस्टनं गडद लालचं गुलाबी होतं आणि तिथंच थांबतं. माझ्या मेहुणीनं तिच्या जांभळ्या शाईवर ट्राय केलं (ती शाळेत आहे, तिला रंगीत शायांचा नाद), तिचं मत माझ्यापेक्षा वाईट आहे, ती म्हणते दोन स्टार.

पाण्याचा मुद्दा आमच्याकडं महत्त्वाचा आहे म्हणून वेगळा लिहितो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली होती, ते ज्यांनी बघितलंय त्यांना नळ सोडून हात चोळत बसा असा सल्ला दिला तर तो शिवी दिल्यासारखा वाटतो. डब्यावर लिहिलंय पाण्याशिवाय चालते, फडक्यानं पुसून घ्या. पुसून बघितलं, हात चिकट राहतो, कण बोटांच्या बेचक्यात राहतात आणि त्या हातानं कागद धरला की कागदाला तेलकट डाग, म्हणजे शाईचा डाग परवडला. एक तांब्या पाणी लागतंच. पण साबणानं चार वेळा धुण्यापेक्षा एकदा पेस्ट आणि एक तांब्या हे स्वस्त पडतं, विशेषतः बोअरच्या पाण्यात, कारण आमचं बोअरचं पाणी एवढं जड की साबणाला फेस येईना, नुसता पांढरा चिखल होतो. पेस्टला तेवढा त्रास जाणवला नाही.

टेबलावर डबा ठेवायला लागल्यापासून दुसराच फायदा कळला. माझ्याकडं अंगठा लावायला येणारी माणसं. स्टॅम्प पॅडची शाई वेगळी, अंगठ्यावर ती चिवटपणे बसते, आणि आमच्याकडच्या जुन्या बायाबापड्या काय करतात तर अंगठा लावून झाला की सरळ डोक्याला पुसतात. शहरातल्या पोरांना हसू येतं, पण केसाला तेल असतं आणि तेलानं ती शाई सुटते, डोकं वापरलंय त्यांनी दोन्ही अर्थानं. एका आजीला मी पेस्ट दिली, तिनं आधी वास घेतला, म्हणली "लेकरा, ह्याला मोसंबीचा वास यायलाय की, खायचं हाय का?" मी म्हणलं नाही आजी, हाताला चोळा. चोळलं, धुतलं, अंगठा चकचकीत झाला, आजी खूश, आणि जाताना सवयीनं तोच स्वच्छ अंगठा परत डोक्याला पुसून गेली. तर स्टॅम्प पॅड, बॉलपेन, कार्बन पेपर, ग्रीस ह्याच्यावर पेस्ट खरंच भारी चालते, कारण तिथं तो सॉल्व्हंट कामाला येतो. त्या वासामुळं लेकरांच्या हाताशी मात्र डबा ठेवू नका, खायची वस्तू वाटते हे खरंच आहे.

मतदानाची शाई जाते का म्हणून एकानं डोळा मारत विचारलं होतं. नाही जात भाऊ. ती सिल्व्हर नायट्रेटची असते, १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरची सरकारी कंपनी बनवते, उजेडात ती कातडीत काळी पडून बसते आणि नख वाढून पुढं सरकेपर्यंत तिथंच राहते. त्याच्यावर ना पेस्ट, ना लिंबू, ना कुणाचा बाप.

आता तक्रारी. पहिली नखं. नखाच्या मुळाशी जी बारीक कातडी असते आणि नखाच्या दोन्ही कडा, तिथं शाई शिरली की कण तिथं पोचतच नाहीत. जुना टूथब्रश घेऊन घासलं तर थोडं जातं, जास्त जोर केला की कातडी सोलते आणि मग तिथं पुढची शाई अजून खोल जाते. ह्याला उपाय नाही, वाट बघायची. दुसरी तक्रार, थंडीत बोटं फुटलेली असताना ही लावली की डोळ्यातून पाणी काढते. हिवाळ्यात रोज वापरली तर हात सुकून पापड होतात, मी वापरल्यावर खोबरेल तेलाचं बोट फिरवतो. चिरलं-कापलं असेल तर लावायचीच नाही. आणि माझ्या डब्यावर आत नेमकं काय घातलंय त्याची यादीच नव्हती, नुसता पाना-पकड घेतलेला हसणारा माणूस. अंगाला लावायची वस्तू आहे, निदान घटक तरी लिहा की रे.

बाकी उपाय लोक सुचवतात ते पण बघून घेऊ. बेसनात थोडं गोडं तेल आणि दोन थेंब भांड्याचं लिक्विड घालून चोळलं तर पेस्टच्या जवळ जवळ येतं, कातडीला मऊ, फक्त वेळ जास्त लागतो आणि घरात कुणी बघितलं की विचारतं पिठलं कधी करायलाव. बारीक साखर आणि तेलही चालतं. टाचा घासायची वजरी हाताला लावू नका, टाच आणि बोट ह्यांच्यात फरक आहे. सॅनिटायझरनं बॉलपेनचे डाग छान जातात, शाईपेनच्या शाईवर मात्र ती पसरते आणि बोटाच्या रेघारेघांत जाऊन बसते, एका ठिकाणी होता तो डाग तळहातभर होतो. लिंबानं माझ्या काळ्या शाईला काही झालं नाही, ज्या शाईत लोखंडाचा अंश असतो तिच्यावर आंबट चालतं, बाकी शायांवर नुसती चरचर. रॉकेल म्हणाल तर आता कुठं मिळायलंय, आणि मिळालं तरी ते ग्रीसचं औषध आहे, शाईचं नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. ग्रामपंचायतीत विहिरीत टाकायला टीसीएल पावडर असते ना, ब्लीचिंग पावडर, आमच्या आवारात एक जण सगळ्यांना सांगत फिरतो की चिमूटभर घ्या, शाई पळून जाते. शाई जाते हे खरंय, क्लोरीन रंग मारतोच, पण कातडी पण भाजते, आणि डोळ्यात उडालं तर दवाखाना. त्यात कुणी हुशारी करून संडास धुवायचं ॲसिड किंवा लिंबू-व्हिनेगर मिसळलं तर विषारी वायू सुटतो, ही चेष्टा नाही. दोन दिवसांत आपोआप जाणाऱ्या डागासाठी हे करू नका.

आणि घरातला उपाय तर आमच्या हिनं सांगितला. रविवारी कामवाली आली नव्हती, मी भांडी घासली, घासून झाली तेव्हा बोटं स्वच्छ. गरम पाणी, लिक्विड, घासणी आणि अर्धा तास, अजून काय पाहिजे. ही म्हणली, "अहो, तो डबा द्या गॅरेजवाल्याला, तुम्ही रोज भांडी घासत जा." शास्त्रीयदृष्ट्या तिचं बरोबर आहे म्हणून मी विषय वाढवला नाही.

खरं काम डाग पडायच्या आधी करायचं असतं. मेडिकलवर सुई नसलेली सिरिंज मिळते चार-पाच रुपयांत, ड्रॉपरऐवजी तिनं शाई भरली की सांडायचा प्रश्न निम्मा संपतो. पेनाच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं, म्हणजे जोडातून शाई झिरपत नाही. उन्हाळ्यात पेन अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही, खिशात निब वर करून ठेवायचं, आणि भरायच्या आधी नखं साबणाच्या वडीवर खरवडून घ्यायची, नखात साबण भरला की शाईला जागाच राहत नाही. हे एवढं केलं तर पेस्टचा डबा चार-सहा महिने सहज पुरतो.

घ्यायचीच असेल तर अर्धा किलोचा डबा घेऊ नका, मी घेतला कारण दुकानात तोच होता. झाकण नीट बसत नाही आणि आमच्या उन्हात वरचा थर सुकून ढेकूळ होतो, मग खालून उकरून काढावं लागतं. ट्यूबमध्ये मिळते ती बघा, ऑटो पार्ट्सच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात विचारा, स्टेशनरीवाल्याकडं जाऊ नका, त्याच्याकडं नसते आणि तो तुम्हाला खोडरबर देईल.